आकाशाचा आणि जमिनीचा छत्तीसचा आकडा

२०२२ ची दिवाळी तोंडावर होती. २२ ऑक्टोबरची रात्र उलटून तारीख बदलली आणि मध्यरात्री बारा वाजून सात मिनिटांनी श्रीहरिकोटाच्या दुसऱ्या तळावरून इस्रोचा ‘एलव्हीएम-३’ हा अग्निबाण उडाला. साडेत्रेचाळीस मीटर उंचीचं आणि सुमारे ६४० टन वजनाचं ते यान त्या रात्री पहिल्यांदाच व्यापारी भाडं घेऊन निघालं होतं. माल होता ‘वनवेब’ या कंपनीचे ३६ दळणवळण उपग्रह, एकूण वजन ५,७९६ किलो. पाच महिन्यांनी, २६ मार्च २०२३ च्या सकाळी नऊ वाजता, आणखी ३६ उपग्रह गेले. त्या उड्डाणानंतर वनवेबचे ६१८ उपग्रह कक्षेत झाले आणि पृथ्वीचा कुठलाही कोपरा आता आमच्या जाळ्याबाहेर राहणार नाही, असं कंपनीला म्हणता येऊ लागलं.

हा कुठलाही कोपरा म्हणजे नेमका कुठला, हे पाहायचं तर श्रीहरिकोटापेक्षा कोलकात्याचं सियालदह स्टेशन जास्त उपयोगी आहे. त्याच्या दक्षिण विभागातून कॅनिंग, डायमंड हार्बर, नामखाना अशा लोकल सुटतात. कॅनिंगला उतरायचं, रस्त्यानं गोदखाली गाठायची, तिथून होडीनं नदी ओलांडून गोसाबा. पुढे सुंदरबनची बेटं लागतात. भारताच्या हद्दीतल्या सुंदरबनात १०२ बेटं मोजतात आणि त्यांतल्या ५४ बेटांवर माणसं राहतात. नामखाना-काकद्वीपकडून मासेमारीच्या होड्या बंगालच्या उपसागरात जातात. मकरसंक्रांतीला गंगासागरची यात्रा याच वाटेनं भरते आणि गर्दीत हरवलेल्यांची त्यांच्या माणसांशी गाठ घालून द्यायला पश्चिम बंगालचे हॅम रेडिओवाले आपापले संच घेऊन तिथे बसतात. मोबाइलच्या युगात हौशी बिनतारीवाल्यांची गरज लागते, यातच पुष्कळ काही आलं.

टॉवर, तार आणि फायबर या तिन्हींचा भरवसा किती, हे २० मे २०२० ला ‘अम्फान’ चक्रीवादळानं दाखवून दिलं. सुंदरबनच्या किनाऱ्यावरून आत शिरलेल्या या वादळानं दक्षिण चोवीस परगण्यातच काय, खुद्द कोलकात्यातही झाडं, विजेचे खांब आणि केबली आडव्या केल्या. कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि फोनही मुका होता. जमिनीवरचं जाळं जमिनीबरोबरच कोसळतं. मग जाळं आकाशातच टांगलं तर? उपग्रह-पुंजांमागची मूळ कल्पना इतकी साधी आहे. तिच्या मुळाशी असलेलं विज्ञान मात्र याच सियालदहच्या उंबरठ्यावर घडलेलं आहे.

रेल्वेचं वेळापत्रक आणि तागाची जुडी

सियालदहहून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडनं उत्तरेला एक-दीड किलोमीटर गेलं की राजाबाजार लागतं. रस्त्याचं जुनं नाव अपर सर्क्युलर रोड. इथे दोन संस्था एकमेकींना लागून उभ्या आहेत. ९२ क्रमांकाला कलकत्ता विद्यापीठाचं सायन्स कॉलेज आणि त्याच्या शेजारी जगदीशचंद्र बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ ला, आपल्या वाढदिवशी, स्थापन केलेली बोस इन्स्टिट्यूट.

बोसांचे बिनतारीचे प्रयोग त्याआधीचे, प्रेसिडेन्सी कॉलेजातले. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. त्या काळी इतरांचा ओढा लांब लहरींकडे होता. बोस उलट आखूड लहरींकडे वळले आणि थेट पाच मिलिमीटरपर्यंत गेले. आजच्या हिशेबात हे साठ गिगाहर्ट्झ होतात. आज उपग्रहाचं इंटरनेट ज्या कंप्रतांवर चालतं त्या साधारण दहा ते ऐंशी गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच हा आकडा बसतो.

त्यांची उपकरणं जवळून पाहण्याजोगी आहेत. लहर गोळा करायला चौकोनी नरसाळं, म्हणजे आजच्या भाषेत हॉर्न अँटेना. लहरींचं ध्रुवीकरण तपासायला त्यांनी ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक घेतलं आणि पानापानांत कथलाचा पातळ वर्ख घातला. ज्या दिशेला पानं आडवी, त्या दिशेची लहर अडते. पुस्तक पाव वळसा फिरवलं की लहर पार होते. वर्ख काढून नुसतं पुस्तक ठेवलं तरी थोडाफार परिणाम दिसतो, हेही त्यांनी दाखवलं. दुसऱ्या प्रयोगात बंगालचा ताग पिळून त्याच्या जुड्या केल्या. जुडीचा पीळ उजवा की डावा यावर लहरीचं प्रतल त्या त्या बाजूला वळतं. एकाच कंप्रतेवर दोन वेगळे संदेश एकमेकांत न मिसळता पाठवायला आजचे उपग्रह ध्रुवीकरणाचाच आधार घेतात. बोसांनी ते तागावर आणि गाड्यांच्या वेळापत्रकावर तपासलं होतं.

शेजारच्या सायन्स कॉलेजात शिशिरकुमार मित्र यांनी पुढचा टप्पा गाठला. पॅरिस आणि नान्सी इथे शिकून परतल्यावर त्यांनी विद्यापीठात बिनतारीचा अभ्यास सुरू केला. विसाच्या दशकात याच इमारतीतून ‘२सीझेड’ या संकेतानं प्रायोगिक प्रसारण होत असे. पुढे मित्रांचं लक्ष डोक्यावरच्या आयनांबराकडे, म्हणजे वरच्या हवेतल्या विद्युतभारित थराकडे गेलं. लघुलहरी तिथे आपटून परत येतात, म्हणून लांबवरचा रेडिओ ऐकू येतो. गिगाहर्ट्झच्या लहरी मात्र ते भेदून पार जातात, म्हणून उपग्रहाशी बोलता येतं. १९४७ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनं मित्रांचा ‘द अपर अॅटमॉस्फिअर’ हा ग्रंथ काढला. अवकाशयुग उजाडण्याच्या सुमारास तो जगभर वाचला गेला आणि १९५५ मध्ये त्याचा रशियन अनुवादही झाला. दोन वर्षांनी स्पुटनिक उडाला.

वरचं वातावरण हा केवळ पंडितांचा विषय नाही, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सला भलतंच महाग पडून कळलं. ३ फेब्रुवारीला त्यांनी ४९ स्टारलिंक उपग्रह सुमारे २१० किलोमीटर उंचीवर सोडले. तिथून ते स्वतःच्या इंजिनानं वर चढणार होते. नेमकं त्याच सुमारास सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. वरची हवा तापली, फुगली, दाट झाली आणि तिचा अडथळा नेहमीपेक्षा निम्म्यानं वाढला. ४९ पैकी बहुतेक उपग्रह वर चढूच शकले नाहीत; चाळीसच्या आसपास खाली येऊन हवेतच जळाले.

खाली कशाला उतरायचं?

मुळात इतक्या खाली, हवेच्या काठावर यायची गरज काय? आपल्या डिशवर चित्रं पाठवणारे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच आहेत आणि जमिनीवरून स्थिर दिसतात. तीन-चार उपग्रहांत जवळपास सगळं जग झाकतं. अडचण अंतराची. वर जाऊन खाली यायला लहरीला सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर धरलं तर अर्धा सेकंद. दूरचित्रवाणीला त्याचं सोयरसुतक नाही. पण डॉक्टरशी बोलताना, पैसे भरताना किंवा ऑनलाइन वर्गात हा अर्धा सेकंद पावलोपावली आडवा येतो.

वनवेबचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर फिरतात, स्टारलिंकचे ५५० च्या आसपास. तिथे जाऊन-येऊन अंतराचा उशीर काही हजारांश सेकंदांवर येतो. त्याची किंमत अशी, की खालचा उपग्रह एका जागी दिसत नाही. तो सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर धावतो, दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीची फेरी पुरी करतो आणि आपल्या माथ्यावर जेमतेम काही मिनिटं असतो. मग एकावर भागत नाही. सियालदहच्या प्रवाशाला अमुकच लोकल लागत नाही; एक गेली की मागून दुसरी येते, एवढं पुरतं. तसंच इथे एक उपग्रह क्षितिजाआड जाण्याआधी दुसऱ्यानं बोलणं उचलून धरायचं असतं. म्हणून शेकड्यांनी उपग्रह लागतात आणि म्हणूनच ते घोळक्यानं सोडावे लागतात.

घोळका सोडणं हे कौशल्याचं काम आहे. ऑक्टोबर २०२२ च्या उड्डाणात पहिले चार उपग्रह सुटायला सुमारे वीस मिनिटं लागली आणि सगळे ३६ मोकळे व्हायला तासाहून जास्त वेळ गेला. चार-चारच्या नऊ खेपा होत्या. सोडायची उंची ६०१ किलोमीटर, कक्षेचा कल ८७.४ अंश, म्हणजे जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवावर. प्रत्येक खेपेला वरच्या क्रायोजेनिक टप्प्यानं छोट्या फवाऱ्यांच्या जोरावर आपली दिशा बदलायची, किंचित वेग घ्यायचा, चौघांना ढकलून द्यायचं आणि पुन्हा वळायचं. यात हिशेब एकच, की आज सुटलेल्या कुठल्याही दोघांची उद्या-परवा कक्षेत टक्कर होता कामा नये. सोळा सुटल्याची खातरी लवकर झाली. उरलेले वीस जमिनीवरच्या केंद्रांच्या दृष्टीआड सुटले आणि माहिती हाती येईपर्यंत वाट पाहावी लागली.

हे काम भारताकडे आलं त्यामागे राजकारण होतं. वनवेबचे उपग्रह रशियाच्या सोयूझवरून जात होते. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मार्च २०२२ मध्ये रशियानं अटी घातल्या, ब्रिटन सरकारनं आपला हिस्सा विकावा ही त्यांतली एक. करार फिसकटला आणि कंपनीचे ३६ उपग्रह बैकोनूरला अडकून पडले. कंपनी त्याआधीच एकदा, मार्च २०२० मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. भारती समूह आणि ब्रिटन सरकार यांनी प्रत्येकी पन्नास कोटी डॉलर घालून तिला वर काढलं होतं. अशा अडलेल्या गिऱ्हाइकाला इस्रोची व्यापारी शाखा ‘न्यूस्पेस इंडिया’ नेमक्या वेळी भेटली. दोन उड्डाणांचं भाडं हजार कोटी रुपयांच्या पुढे होतं.

वालचंदनगर, विक्रोळी, शिवाजीनगर

या यानात महाराष्ट्राचा घाम मुरलेला आहे. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंना एस-२०० हे घन इंधनाचे बूस्टर असतात. एकेकात दोनशे टनांहून जास्त इंधन. त्यांच्या ३.२ मीटर व्यासाच्या पोलादी कवचांचे खंड इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडतात. साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव आज अग्निबाणांची कवचंही घडवतं. मधल्या टप्प्यातलं ‘विकास’ इंजिन आणि क्रायोजेनिक इंजिनांचं काम विक्रोळीत गोदरेजकडे आहे. आणि घन इंधनाची विद्या इस्रोत ज्यांनी रुजवली, त्यांच्यात पहिल्या रांगेत वसंत गोवारीकरांचं नाव येतं. ते १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते.

दळणवळणाचा एक उपग्रह तर शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी घडवला. पुण्याच्या सीओईपीच्या ‘स्वयम्’चं वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ नं एकाच खेपेत वीस उपग्रह सुमारे पाचशे किलोमीटरवर सोडले, त्यांत तो होता. एका ठिकाणच्या हॅम केंद्रानं संदेश द्यायचा, उपग्रहानं तो पोटात ठेवायचा आणि दुसऱ्या केंद्रावरून जाताना खाली टाकायचा, असं त्याचं काम. दिशा राखायला आत चुंबक बसवला होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तो होकायंत्रासारखा वळतो आणि त्याला वीज लागत नाही. उपग्रहांचं जाळं ही फक्त अब्जाधीशांची मिरास नव्हे, हे त्या मुलांनी दाखवलं.

अब्जाधीशांच्या बाबतीत पुण्याला आधीचाही अनुभव आहे. मोटोरोलानं उभा केलेला ‘इरिडियम’ हा खालच्या कक्षेतल्या फोन-उपग्रहांचा पहिला मोठा पुंज. ६६ उपग्रह, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू. भारताचं जोडकेंद्र पुण्याजवळ दिघीला होतं. फोनची किंमत तीन हजार डॉलरच्या घरात, वर मिनिटाला काही डॉलर. शहरांत तोवर साधा मोबाइल पोचला होता आणि ज्याच्या खेड्यात तो पोचला नव्हता, त्याला हा फोन परवडणारा नव्हता. ऑगस्ट १९९९ मध्ये, वर्ष पुरं व्हायच्या आत, कंपनीनं दिवाळखोरी मागितली. आपल्याला खोटी स्वप्नं दाखवून पैसे घेतले, अशी फिर्याद इरिडियम इंडियानं पुण्याच्या न्यायालयात मोटोरोलाविरुद्ध केली. उच्च न्यायालयानं ती रद्द केली, पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा उभी केली आणि ज्या गुन्ह्याला दुष्ट हेतू लागतो त्या गुन्ह्यासाठी कंपनीवरही खटला चालू शकतो, असा निवाडा दिला. उपग्रह उत्तम चालत होते. बुडाला तो जमिनीवरचा हिशेब.

आधी गाव, मग उपग्रह

याच्या अगदी उलट वाटेनं जाणारं उदाहरण आपल्याच घरात आहे. कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांनी विक्रम साराभाईंबरोबर थुंबाच्या अग्निबाण-केंद्राची जागा शोधली आणि पुढे उपग्रहावरून खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याच्या ‘साइट’ या प्रयोगाचं व्यवस्थापन सांभाळलं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा ‘एटीएस-६’ उपग्रह भारताला उसना मिळाला होता. उपग्रह परका, पण सहा राज्यांतली २,४०० गावं निवडणं, तिथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी थाळ्या आणि टीव्ही-संच बसवणं, वीज नाही तिथे बॅटरी देणं, संच बिघडला तर माणूस पाठवणं, कुठल्या भाषेत काय दाखवायचं हे ठरवणं, हे सगळं आपण केलं. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. उरलं ते गावात उपग्रह कसा उतरवायचा याचं ज्ञान. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पार करून, चिटणीस पुण्यात वारले. त्यांच्या कामाच्या कसोटीवर आजचे पुंज तपासून पाहावेत, अशी ही वेळ आहे.

आज क्रम फिरला आहे. वनवेबला भारतात सेवेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाला. श्रीहरिकोटाहून ७२ उपग्रह मार्च २०२३ पर्यंत वर गेले. लहरींचे पट्टे लिलावाविना सरकारनं वाटून द्यायचे, हे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं ठरलं. ते किती मोल लावून द्यायचे याच्या शिफारशी दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं केल्या मे २०२५ मध्ये: उत्पन्नाच्या चार टक्के, पाच वर्षांसाठी, शहरी ग्राहकामागे वर्षाला जादा पाचशे रुपये. स्टारलिंकचा परवाना आला जून २०२५ मध्ये. म्हणजे ज्या देशातून उपग्रह उडाले, त्याच देशात शुल्काचा कागद दोन वर्षांनी हलला. सुरक्षेचे प्रश्न खरे आहेत, सीमेच्या देशात ते विचारलेच पाहिजेत. पण अम्फाननंतरचं सुंदरबन काय किंवा पावसाळ्यातलं गडचिरोलीचं भामरागड काय, त्यांच्या माथ्यावरून तो उपग्रह रोज जातो आणि त्यांना त्याचा उपयोग शून्य.

शिवाय प्रत्येक गरजेला हा महागडा पुंज लागतोच असं नाही. खोल समुद्रातल्या खलाशाला चित्रपट बघायचा नसतो. वादळ येतंय हे कळावं आणि ‘आम्ही बुडतोय, इथे आहोत’ हे कळवता यावं, एवढी त्याची मागणी. त्यासाठी इस्रोनं घडवलेला दुहेरी संदेशाचा ट्रान्सपाँडर पुरतो आणि त्याला आपला स्थिर उपग्रह चालतो. किनारी राज्यांत असे एक लाख संच होड्यांवर बसवण्याची ३६० कोटींची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये देशभरासाठी सुरू झाली. काकद्वीपच्या होडीला काय किंवा सातपाटीच्या होडीला काय, आधी हे मिळालं पाहिजे.

वर गर्दीही होते आहे. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियमचा एक चालू उपग्रह आणि रशियाचा एक मेलेला उपग्रह सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले आणि त्यांचे हजारो तुकडे झाले. तेव्हा मोठे पुंजही शंभराच्या आतले होते. आता ते हजारांत मोजतात. ५५० किलोमीटरवरचा मेलेला उपग्रह हवेच्या अडथळ्यानं काही वर्षांत खाली येतो. १,२०० किलोमीटरवरचा पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. उंची निवडतानाच कचऱ्याचं आयुष्यही निवडलं जातं.

नवं दळणवळण लोकांपर्यंत पोचण्याच्या बाबतीत कोलकात्याला एक जुना मान आहे. ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. तेव्हा मिनिटाला कित्येक रुपये मोजावे लागत आणि ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. वीस-पंचवीस वर्षांत तोच फोन कॅनिंग लोकलनं कामाला येणाऱ्या बाईच्या हाती आला. यंत्र तेच राहिलं नाही हे खरं. पण दर, स्पर्धा, कोपऱ्यावरचं रिचार्जचं दुकान आणि दुरुस्तीवाला नसता, तर ते तिच्यापर्यंत पोचलं नसतं.

महाराष्ट्रानं ५ नोव्हेंबर २०२५ ला स्टारलिंकशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे चार जिल्हे त्यात पहिल्यांदा घेतले आहेत. या जिल्ह्यांतल्या वाचकांना एवढंच सांगणं: उपग्रह किती वर गेले हे विचारू नका, त्याची बातमी आपोआप येते. ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. थाळी शाळेच्या छतावर बसणार की सरपंचाच्या? भारनियमनात ती कशावर चालणार? बिघडली तर किती दिवसांत आणि कोण येणार? आणि पहिलं वर्ष सरल्यावर बिल कुणाच्या नावानं निघणार? उत्तरं लेखी घ्या.